पाचर कुठे गेली?

मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे ग्रुपमध्ये किस्से साठतात. कोणी मुद्दाम टाकत नाही. काम चालू असतं, आणि संध्याकाळी वाकून बघावं तर ढीग! आमच्या ग्रुपचा ढीग भरायला घमेलं पुरणार नाही. मी मूठभर उचलतो.

आधी माझं सांगतो. मी शिवराम कांबळे. सातवी पास. विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं पॉवर प्रेसवर काम केलं. पत्रा कापायचं, दाबायचं मशीन. माझ्या कामात खोट काढायला साहेबाला कधी जागा दिली नाही. मी लेखक नाही. लेखकांच्या ग्रुपमध्ये मात्र आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर. ग्रुपचं नाव ‘पान पुढे’. चौदा माणसं. मुलुंड, अंधेरी, दिंडोशी, बोरीवली, अशी विखुरलेली. त्यातल्या बहुतेकांचे चेहरे मी वर्षभर पाहिले नव्हते.

मी सहसा आभार मानत नाही. काम केलं तर केलं, त्यात आभार कसले! पण या माणसांचे मानायचे आहेत. तोंडावर जमणार नाही. म्हणून लिहून टाकतो.

*

मुलुंड स्टेशनजवळ अंजलीताईंचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. माझं पेन्शनचं खातं मुलुंडला. दर वर्षी ‘मी जिवंत आहे’ असा दाखला द्यावा लागतो. त्या कामाला गेलो होतो. पिशवीतले कागद ताईंच्या पुढ्यात टाकले आणि म्हटलं, “सगळ्यांची एकेक.”

त्यात एक जुनं जॉब कार्ड होतं. कारखान्यात कामाचा तपशील लिहायचं जाड कार्ड. रिटायर होताना कोऱ्या पाठीचा एक गठ्ठा मी घरी आणला होता. मी लिहितो ते त्याच्यावरच.

ताईंनी कार्डाची नेमकी मागची बाजू काढली.

“ही नको होती,” मी म्हटलं.

“सॉरी काका. आणि अजून एक सॉरी. मी वाचलं. कागद काचेवर ठेवताना डोळा जातोच.”

त्या कार्डावर एकच वाक्य होतं. ‘दत्तारामची तीन बोटं गेली, त्याला मी कारण आहे.’

“पुढे काय लिहिलंय?”

“काही नाही.”

“हे लिहून किती दिवस झाले?”

“सहा वर्षं.”

“मग पुढचं का नाही लिहिलं?”

“मला लिहिता येत नाही.”

ताईंनी झेरॉक्सचा कागद माझ्यासमोर धरला. “मग हे कोणी लिहिलं?”

मी कागद उचलले आणि निघालो. उलट बोललेलं मला चालत नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. झेरॉक्स काहीच काढायची नव्हती!

*

ताईंनी माझा नंबर घेऊन मला ग्रुपमध्ये घातलं. ग्रुपचा नियम असा. रविवारी सकाळी सातला कोणीतरी आपलं लिखाण टाकायचं. बाकीच्यांनी वाचून दोनच गोष्टी सांगायच्या. काय दिसलं, आणि काय दिसलं नाही. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द बंद. अंगठा बंद. हात जोडलेलं चित्र बंद. मला हा नियम पहिल्याच दिवशी पटला. कारखान्यात तपासणीवाला पीस हातात घेऊन ‘अप्रतिम’ म्हणत नाही. माप लावतो.

एकदा घाटकोपरचे एक गृहस्थ ग्रुपमध्ये आले. मोठे वाचक, असं त्यांनीच सांगितलं. पहिल्याच रविवारी अंजलीताईंनी आपली आठ पानांची कथा टाकली. सात वाजता टाकली. सात वाजून एक मिनिटानं गृहस्थांचा मेसेज. ‘अप्रतिम! एका बैठकीत वाचून काढली.’

ताईंनी विचारलं, ‘आठ पानं एका मिनिटात?’

‘मी फास्ट रीडर आहे.’

तेवढ्यात रुपालीचा मेसेज आला. रुपाली अंधेरीला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. वय सव्वीस. तिच्या बोलण्यालाही सुई असते. तिनं लिहिलं, ‘सर, पान चार मस्त होतं ना?’

‘तेच तर सगळ्यात बेस्ट!’

पान चार ताईंनी टाकलंच नव्हतं! नवा माणूस आला की त्या एक पान गाळतात. दुकानात दिवसभर लोकांचे प्रबंध जुळवणारी बाई. पान कुठलं गाळायचं हे तिला बरोबर कळतं.

गृहस्थ आजही ग्रुपमध्ये आहेत. आता दुपारी चारला मेसेज टाकतात. मुद्द्याचं बोलतात.

मला पान चार नाही हे पहिल्या वाचनात कळलं होतं. मी बोललो नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं.

*

दिंडोशी कोर्टात सावंत म्हणून क्लार्क आहेत. मूळचे मालवणकडचे. बत्तीस वर्षं कोर्टाचे कागद टाइप करतायत. त्यांनी एक प्रेमकथा लिहिली. पहिलं वाक्य, ‘सदर युवती दुसऱ्या मजल्यावरील खिडकीत उभी असल्याचे नायकाच्या निदर्शनास आले.’

रुपालीनं लिहिलं, ‘सावंत काका, तिला जामीन मिळाला का?’

ग्रुप हसून लोळला. सावंतही हसले. मग त्यांनी लिहिलं, ‘प्रेमकथा सोडा. माका आवशीवर लिहूचा हा. ती गेली त्येका वरीस झाला. पण लिहूक बसलंय की ‘मयत इसम’ असाच येता.’

यावर कोणी हसलं नाही.

बोरीवलीच्या देशमाने मॅडम, रिटायर झालेल्या शाळाबाई, त्यांनी सुचवलं. ‘सावंत, टाइप करू नका. मला फोन करा. आईबद्दल मालवणीत बोला. मी लिहून घेते.’

सावंतांनी कोर्टाच्या जिन्यात उभं राहून फोन केला. अकरा मिनिटं बोलले. देशमाने मॅडमनी जसंच्या तसं उतरवलं आणि रविवारी टाकलं. आई कुळथाची पिठी ढवळताना पळी कशी कढईच्या कानावर दोनदा आपटायची, तेवढंच त्यात होतं. आणि शेवटी, आता घरात पळी एकदाच आपटते.

मी विचारलं, ‘एकदा कोण आपटतं?’

सावंतांचं उत्तर आलं. ‘मी.’

*

याच देशमाने मॅडमशी माझं भांडण झालं.

मी एका बोटानं टाइप करतो. चार ओळींना अख्खा रविवार जातो. दत्तारामची गोष्ट मी तुकड्यातुकड्यानं टाकायला लागलो होतो. पहिला तुकडा होता मशीनचा. बाईंनी तो सुधारून परत पाठवला. माझं ‘मशीन धडाधड चालायचं’ होतं, त्याचं त्यांनी ‘यंत्राची लयबद्ध धडधड आसमंतात घुमत असे’ केलं होतं.

मी लिहिलं, ‘बाई, चौतीस वर्षं मी त्या मशीनपाशी उभा होतो. तुम्ही आसमंतात होता का?’

आणि ग्रुप सोडला.

दोन दिवस फोन शांत. बायको कमल म्हणाली, “फोन बिघडला का तुमचा?”

तिसऱ्या दिवशी बाईंचा मला एकट्याला मेसेज. मला वाटलं माफी असेल. माफी नव्हती. एक कविता होती. खाली लिहिलं होतं, ‘कांबळे, ही माझी आहे. माप लावा.’

कविता मी तीनदा वाचली. चंद्र होता, चांदणं होतं, व्याकूळ असं काहीतरी होतं. मी लिहिलं, ‘बाई, चंद्र दिसला. तुम्ही दिसला नाहीत. तुम्ही कुठे बसलाय? खोलीत काय आहे?’

तासाभरानं उत्तर आलं. ‘पलंग आहे. मिस्टर आजारी आहेत. पंखा आहे. त्यांना थंडी वाजते, मला उकडतं. म्हणून पंखा दोनवर असतो. एकवर मला त्रास, तीनवर त्यांना.’

‘मग हेच लिहा की!’

त्या रविवारी बाईंनी ग्रुपवर नवी कविता टाकली. चंद्र काढून टाकला होता. पंखा होता, दोनवर. रुपालीनं ती दुसऱ्याच मिनिटाला मला पाठवली आणि लिहिलं, ‘काका, परत या ना यार. माप लावायला माणूस नाही.’

‘यार’ मला चालत नाही, हे मी तिला कळवलं. मग परत आलो.

*

ग्रुपची आणखी एक पद्धत. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही. दुसऱ्यानं मोठ्यानं वाचून, रेकॉर्ड करून पाठवायचं. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कुठे खडखडतं ते लगेच कळतं. चिठ्ठ्या अंजलीताई टाकतात.

एकदा माझ्या वाट्याला रुपालीच्या कादंबरीचं प्रकरण आलं. प्रेमाचं!

मी नाही म्हणणार होतो. पण पाळी आली की पाळी करायची, ही कारखान्याची सवय. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो, फोन सुरू केला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागलो. “अशी लांब का उभी आहेस? ये ना जवळ. केस मोकळे सोड. मला बघू दे.”

ओट्यापाशी आमची कमल भाकऱ्या थापत होती. थापटणं थांबलं.

“काय म्हणालात?”

मी हातानं गप्प राहायची खूण केली. पुढे वाचलं. “किती वर्षं झाली तुला असं पाहून.”

कमल म्हणाली, “केस पांढरे झाल्यावर आठवलं होय! नळाला पाणी आलंय, आधी बादली लावा!”

सगळं रेकॉर्ड झालं. पुसायचं कसं ते मला येत नव्हतं. गेलं तसंच.

रुपालीचा फोन आला. माझ्यासाठी नव्हता. “काकींना द्या ना.” मग कमलला म्हणाली, “काकी, तुमचं ते वाक्य मी कादंबरीत घेऊ का? माझी नायिका नुसती लाजतेय चार पानं.”

“घे गं बाई,” कमल म्हणाली. “इथे त्याचा काही उपयोग नाही.”

आता त्या प्रकरणात नायक जवळ बोलावतो आणि नायिका त्याला बादली लावायला पाठवते. सगळे म्हणतात, पुस्तकातलं तेच पान सगळ्यात जिवंत आहे.

*

आता दत्तारामचं.

दत्ताराम परब आणि मी एकाच मशीनवर होतो. पहिली पाळी माझी, दुसरी त्याची. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन बाजूंना. दोन्ही तळव्यांनी एकाच वेळी दाबली तरच वरचा दट्ट्या खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात, बोटं वाचतात. पण त्यात वेळ जातो, नग कमी पडतात. म्हणून आम्ही एका बटणात लाकडाची पाचर ठोकायचो. एक बटण दाबलेलंच राहायचं. मग एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण मारायचं. बेकायदा होतं. सगळे करायचे. पाळी संपली की आपली पाचर काढायची, एवढा मात्र आमच्यात नियम.

त्या दिवशी मी काढली नाही. विसरलो. नळावर हात धूत होतो तेव्हा दत्ताची किंकाळी आली.

चौकशी झाली. मशीनचा दोष निघाला. दत्ताला बरा झाल्यावर स्टोअरमध्ये बसवलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी स्टोअरच्या खिडकीशी गेलो नाही. हत्यार लागलं तर दुसऱ्याला पाठवायचो. दत्ता दोनदा माझ्या घरी येऊन गेला. दोन्ही वेळा मी कमलला सांगितलं, घरी नाही म्हणून सांग.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. चार महिने लागले. शेवट असा होता. ‘मी धावलो. दत्ताला धरलं. गाडीत घालून दवाखान्यात नेलं. चूक माझी होती.’

मला वाटलं, झालं. कबूल केलं. आता सुटलो.

रविवारी सगळ्यांनी काय दिसलं ते सांगितलं. नळ दिसला, गाडी दिसली, दत्ताच्या हाताला गुंडाळलेला हातरुमाल दिसला. शेवटी रुपालीचा प्रश्न आला.

‘काका, चौकशीत मशीनचा दोष निघाला म्हणता. मग पाचर कुठे गेली?’

मी फोन पालथा ठेवला.

आठ दिवस ग्रुपवर काही लिहिलं नाही. कोणी हाकही मारली नाही. पुढच्या रविवारी ज्याची पाळी होती त्यानं आपलं लिखाण टाकलं नाही. जागा मोकळी ठेवली. ते मला कळलं.

मी बसलो आणि एका बोटानं लिहिलं.

‘पाचर मी काढली. दत्ता ओरडत होता. मी धावत गेलो ते आधी बटणाकडे. पाचर काढली, खिशात घातली. मग दत्ताला धरलं. संध्याकाळी खाडीवर जाऊन पाचर पाण्यात टाकली. तीन बोटांचं मी कधीतरी सांगितलं असतं. हे सांगणार नव्हतो.’

पाठवलं. नावांसमोर सगळ्यांच्या निळ्या खुणा आल्या. तेरा माणसांनी वाचलं. मी भिंतीकडे बघत बसलो. आता हे लोक मला काढून टाकतील, असं धरून चाललो होतो.

वीस मिनिटांनी सावंतांचा मेसेज आला.

‘काकांनू, जेवलात?’

*

यानंतर अख्ख्या ग्रुपमध्ये पहिल्यांदाच वाद झाला. दत्तारामला हे ऐकवायचं की नाही?

देशमाने मॅडमचं म्हणणं, ‘त्यांचं सत्तरीच्या पुढचं वय. जुनी जखम उकरून कोणाचं भलं होणार? कांबळेंचं मन हलकं होईल, त्यांचं जड होईल.’

रुपालीचं म्हणणं, ‘मॅडम, बोटं त्यांची गेली. ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवू दे ना. आपण कोण?’

घाटकोपरचे गृहस्थ म्हणाले, ‘आधी नाव बदला. खरं नाव नको.’

अंजलीताईंनी सगळ्यांना थांबवलं. ‘काकांना कोणी विचारलंय का?’

मी लिहिलं, ‘ऐकवणार. पण माझ्या तोंडून होणार नाही. मला वाचता वाचता थांबावं लागेल, आणि थांबलेलं त्याला दिसेल.’

या वेळी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. सावंत आपणहून म्हणाले, ‘मी वाचतंय.’ कोर्टाला सुट्टी होती त्या दिवशी त्यांनी घरातलं दार लावून वाचलं. नऊ मिनिटं. एकदाही घसा खाकरला नाही.

दत्ता आता बोरीवलीला मुलीकडे असतो. देशमाने मॅडमच्या घरापासून चार स्टॉपवर. ज्यांचा विरोध होता त्याच बाई म्हणाल्या, ‘कांबळे, मी सोबत येते. वर येणार नाही. खाली सोसायटीच्या बाकावर बसते. खाली उतराल तेव्हा कोणीतरी असावं.’

त्यांच्या मिस्टरांपाशी बसायला त्या दिवशी अंजलीताई मुलुंडहून गेल्या. दुकान बंद ठेवून. हे मला नंतर कळलं. मला आधी सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

असे हे लोक. एक पान नीट व्हावं म्हणून एवढं करणारे.

*

दत्तानं दार स्वतः उघडलं. बघत राहिला. मग म्हणाला, “शिवा? अरे, चष्मा कधी लागला तुला?”

आत नेलं. मुलीला हाक मारली, “नीता, च्या टाक गो. हा माझा शिवा. आमी एका मशीनवरचे.”

मी बसलो. तब्येतीचं विचारलं. त्यानं माझं विचारलं. चहा आला. त्यानं कप उजव्या हातातच धरला, अंगठा आणि करंगळीच्या मध्ये. सहज. मी दुसरीकडे बघितलं.

“दत्ता, मी एक लिहिलंय. तुझ्यावर. माझ्यावर. ऐकशील?”

“तू लिवतस? सातवीवाला?” तो हसला. “लाव.”

मी फोन टीपॉयवर ठेवला आणि सावंतांचा आवाज सुरू केला. नीता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

दोन मिनिटांनी दत्तानं हात वर केला. मी थांबवलं.

“हो कोण वाचता?”

“दिंडोशी कोर्टातले सावंत.”

“आमच्याकडचो दिसता. बरा वाचता. लाव पुढे.”

पुढे नळ आला. किंकाळी आली. नीतानं दाराची चौकट धरली. मग ते आलं. ‘धावत गेलो ते आधी बटणाकडे. पाचर काढली, खिशात घातली. मग दत्ताला धरलं.’ नीता आत निघून गेली. दत्ता फोनकडे बघत होता, जसा काही फोनमध्ये माणूस बसलाय.

नऊ मिनिटं संपली. खाली कोणाची तरी गाडी रिव्हर्स होत होती, तिचं बीप बीप चाललं होतं. ते थांबल्यावर दत्तानं विचारलं,

“स्टोअरकडे येयाचा नाहीस, तो ह्याच्यासाठी?”

“होय.”

“आणि मी घराकडे दोनदा इलंय. घरातच होतास?”

“घरातच होतो.”

“मला वाटलं, मी आभार मानले नाहीत म्हणून रागावलास.”

“कसले आभार?”

“पाचर काढलीस त्याचे! साहेब येयाच्या आत काढलीस. साहेबाच्या हातात ती पडली असती तर मशीनचा दोष निघाला असता काय? माझा निघाला असता. हात गेला तो गेला, नोकरी पण गेली असती. त्या नोकरीवर नीताचं लग्न झालं, शिवा. मी तेच सांगूक दोनदा तुझ्या दारात इलंय.”

मी म्हटलं, “दत्ता, तू नीट ऐकलं नाहीस. पाचर माझी होती.”

“कशाची होती?”

“आंब्याची. पॅकिंगच्या खोक्याच्या फळीची. मीच तासली होती.”

“काढलीस तेव्हा नीट बघितलीस?”

रक्तानं भरली होती. बघितलीच नव्हती.

दत्तानं कप खाली ठेवला.

“तुझी ढिली बसायची. आल्याबरोबर काढून टाकली मी. ती सागाची होती. माझी होती. लेखात दुरुस्ती कर. आणि च्या पी तो आधी, थंड होता!”